बौद्धिक अक्षमता असलेल्या सहसंशोधकांसोबत मुलाखतींचं विश्लेषण कसं करावं

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांवरच्या अभ्यासात बहुतेक वेळा त्यांना प्रश्न विचारले जातात आणि त्यांचा सहभाग तिथेच संपतो. उत्तरांचा अर्थ लावायला दुसरेच बसतात. मला हे चुकीचं वाटतं, कारण अहवालात काय लिहिलं जाणार ते अर्थ लावतानाच ठरतं. म्हणून बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांनाच अर्थ लावायलाही सोबत घ्या, हेच तुमचे सहसंशोधक. समजा, मुंबईतल्या लोकल आणि बस प्रवासाबद्दल तुमच्याकडे मुलाखती जमल्या आहेत. आता पुढे काय करायचं?

परवानग्या आधी

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ६ नुसार संशोधनासाठी व्यक्तीची स्वेच्छेची, तिला समजेल अशा माध्यमातून घेतलेली संमती लागते. शिवाय याच कामासाठी सरकारने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगीही लागते. या समितीत किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. मुलाखत देताना घेतलेली संमती विश्लेषणासाठी पुरेशी धरू नका. "तुमचं बोलणं आणखी चार जण वाचतील, चालेल का?" हे वेगळं विचारा.

मुलाखतींची कार्डं करा

मुलाखतीचा वीस पानी लिखित मजकूर कुणासमोरही ठेवू नका. त्यातली वाक्यं निवडा आणि एका कार्डावर एकच गोष्ट, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरात लिहा. सोबत फोटो लावा: इंडिकेटर, पूल, दिव्यांगांचा डबा. एका बैठकीला बारा-पंधरा कार्डं पुरतात. निवड तुम्ही केली आहे हे विसरू नका, बाजूला ठेवलेली वाक्यंही एकदा वाचून दाखवा आणि "यातलं काही घ्यायचं का?" असं विचारा.

नावं काढली म्हणजे ओळख पुसली जात नाही. मुंबईत विशेष शाळा आणि प्रौढांच्या कार्यशाळांचं वर्तुळ छोटं आहे. "दादरला आत्यासोबत उतरतो" एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, तेव्हा असे तपशील बदला.

बैठक

अकरानंतरची वेळ ठेवा, गर्दी ओसरलेली असते. पाऊण तास काम, मग चहा, मग हवं असेल तर पुन्हा थोडं काम. सरावासाठी बालवाडीतली रंगीत चित्रं आणू नका, समोर मोठी माणसं आहेत. वडापाव, मिसळ, पाणीपुरी, इडली यांचे फोटो द्या आणि कुठलं कशासोबत ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. कुणी तिखटावरून लावेल, कुणी स्टेशनवर मिळतं की नाही यावरून. दोन्ही बरोबर, हे इथेच कळतं.

मग खरी कार्डं. प्रत्येक कार्ड दोनदा मोठ्याने वाचा. "हे चिडल्याचं कार्ड आहे ना?" असं विचारलंत तर "हो" येईल, अनेकांना आयुष्यभर हो म्हणायचीच सवय लावलेली असते. त्याऐवजी "हे कुठल्या कार्डाजवळ ठेवू?" असं विचारा. "माहीत नाही" असंही एक कार्ड टेबलावर असू द्या.

आई, बाबा किंवा शिक्षिका शेजारी असतील तर उत्तर देण्याआधी नजर त्यांच्याकडे वळते. शक्य असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. मदतनीस लागतोच, पण त्याचं काम वाचून दाखवणं आणि थांबणं. मनात दहा आकडे मोजल्याशिवाय त्याने बोलू नये.

ढिगाचं नाव

जवळजवळ ठेवलेल्या कार्डांचा एकेक ढीग होतो, त्याला सहसंशोधकांनाच नाव देऊ द्या. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे क्रमांक सलग केले गेले आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ हे आकडे मिळाले. समजा एका कार्डावर आहे, "माझा नंबर बदलला, मी तिथेच उभा राहिलो." तुम्ही-मी ते 'फलक व सूचना' या विषयाखाली घालू. सहसंशोधक ते कदाचित "काका न्यायला आले, आई आली नाही" आणि "बसस्टॉप हलवला" यांच्याजवळ ठेवेल आणि ढिगाला नाव देईल, 'मला आधी सांगितलं नाही'. आता शिफारसच बदलते. मोठे फलक लावून भागणार नाही, बदल होण्याआधी सांगणारी व्यवस्था लागेल. हे नाव अहवालात तसंच छापा. त्याचं 'पूर्वसूचनेचा अभाव' करू नका.

दोन सहसंशोधकांचं पटलं नाही तर कार्डाची दुसरी प्रत काढून दोन्ही ढिगांत ठेवा, आणि का ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. शेवटी सगळ्या ढिगांचा फोटो काढा. पुढची बैठक तो दाखवूनच सुरू करा, कारण मधल्या आठवड्यात बरंच विसरलं जातं.

अहवाल आणि मानधन

कुठलं काम सहसंशोधकांनी केलं आणि कुठलं तुम्ही, हे अहवालात स्पष्ट लिहा. त्यांची नावं छापायची का, ते त्यांनाच विचारा. मसुदा सोप्या मराठीत वाचून दाखवा आणि ते म्हणतील तिथे बदला. मानधन आणि प्रवासखर्च प्रत्येक बैठकीनंतर त्यांच्याच हातात द्या. बँक खातं पालकांसोबत संयुक्त असेल, तर पैसे कुठे हवेत हेही पहिल्याच दिवशी त्यांना विचारून ठेवा.