कुत्र्याचं जेवणाचं भांडं: उंची, आकार आणि जागा

काहीही विकत घेण्याआधी कुत्रा जेवताना दोन-तीन वेळा बाजूने नीट पाहा. पुढचे पाय फाकवून उभा राहतो का? खाता खाता मध्येच बसतो का? भांडं ढकलत भिंतीपर्यंत नेतो का? काय बदलायचं ते यावरून कळतं.

भांडं ठेवायचं उंच स्टँड दिसतं छान, पण धडधाकट कुत्र्याला ते सहसा लागत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आणि महाकाय जातींमध्ये उंचावरचं भांडं आणि पोट फुगून पीळ पडणं यांचा संबंध दिसला होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तो दिसला नाही. तरीही ग्रेट डेनसारख्या कुत्र्याला पशुवैद्यांना विचारल्याशिवाय स्टँड लावू नये. पोट टम्म फुगलंय आणि कुत्रा नुसते उमासे काढतोय, बाहेर काहीच पडत नाही, असं दिसलं तर तडक दवाखाना गाठा.

स्टँडचा खरा उपयोग मान, पाठ किंवा कोपराच्या सांध्यांचं दुखणं असलेल्या कुत्र्याला. त्याला सरळ उभं करून जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत माप घ्या. भांड्याची कड साधारण तिथे किंवा किंचित खाली यावी. स्टँड घेण्याआधी घट्ट, न हलणाऱ्या खोक्यावर भांडं ठेवून तीन-चार दिवस पाहा. हनुवटी वर करून खात असेल किंवा ठसका लागत असेल तर उंची जास्त झाली. अन्ननलिका सैल पडलेल्या कुत्र्याचं मात्र नुसत्या स्टँडने भागत नाही. त्याला छाती उभी राहील असं बसवून भरवावं लागतं आणि जेवणानंतरही काही वेळ तसंच धरून ठेवावं लागतं.

भांडं स्टीलचं, जड आणि रुंद बुडाचं घ्या. प्लॅस्टिकवर दातांचे ओरखडे पडतात, त्यात चिकट थर साचतो आणि तो घासून निघत नाही. चिनी मातीचं चालेल, पण टवका उडाला की टाकून द्या. पग, बुलडॉग यांना उथळ आणि पसरट भांडं हवं, नाहीतर नाक कडेला आपटतं आणि तळातलं खाणं तोंडात येत नाही. कॉकर स्पॅनियल किंवा बॅसेट या लांब कानांच्या कुत्र्यांना उलट: अरुंद तोंडाचं आणि खोल भांडं, म्हणजे कान बाहेर राहतात. एका वेळचं खाणं निम्म्यापर्यंतच भरेल एवढं भांडं ठेवा, सांडलवंड कमी होते.

हावरटासारखा गिळत असेल तर उंचवटे असलेलं भांडं आणा, किंवा कोरडं खाणं मोठ्या परातीत पसरून द्या. उंचवटे फार दाट नकोत; कुत्रा चिडतो आणि भांडंच उलटं करतो.

रबरी मॅट बहुतेक जण फक्त भांड्याखाली घालतात. ती पुढच्या पंजांखालीही यायला हवी. गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय सरकतात आणि तो अर्ध्यातच जेवण सोडतो. मग सगळे समजतात भूक मेली.

जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. दोन कुत्रे असतील तर वेगवेगळ्या खोलीत वाढा आणि जेवण झालं की भांडी लगेच उचला. पाणी मात्र दिवसभर ठेवायचं, दर किलो वजनामागे रोज साधारण ५० ते ६० मिली या हिशेबाने, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते भांडंही रोज साबणाने घासा. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर नुसतं विसळून काम झालेलं नाही.