नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही

दारव्हा तालुक्यातून बीकॉम करून नागपुरात सँक्शन्स स्क्रीनिंगला, म्हणजे पैसे पाठवणाऱ्यांची नावं बंदी घातलेल्यांच्या यादीशी ताडून पाहायच्या कामाला लागलो, आता चौथं वर्ष. नवीन पोरं विचारतात काय वाचू, म्हणून लिहितोय.

१२६७ आणि १३७३ हे यूएन सुरक्षा परिषदेचे दहशतवाद्यांच्या पैशाबद्दलचे ठराव तुम्ही वाचलेच असतील, तरी इंटरव्ह्यूत इथंच गडबडता. १२६७ (१९९९) ची समिती स्वतः नावं यादीत टाकते, अल कायदा आणि २०१५ पासून इसिसही, तालिबानची यादी २०११ ला वेगळी निघाली. १३७३ (२००१) ला यूएनची यादीच नाही, प्रत्येक देशानं आपापली करायची, आपल्याकडं ती यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली होते. १२६७ च्या समितीत एका देशानंही होल्ड टाकला, म्हणजे थांबा म्हटलं, की नाव अडकतं, जैश २००१ पासून यादीत पण तिचा म्होरक्या मसूद अझहर मे २०१९ ला आला तो याच्यामुळंच. बस, एवढं पुरे.

आता माझी चूक नीट वाचा. सीनियर म्हणायचे नाव किती जुळलं त्याचा स्कोअर नव्वदच्या वर गेला की पैसे थांबवून केस वरच्यांकडं ढकल, डोकं लावू नको. आखातात वेल्डिंग करणाऱ्या आपल्याकडच्याच एका माणसानं घरी पैसे पाठवले, नावाचे तीनही भाग जुळले, मी ढकलून दिलं. पासपोर्टवर जन्मसाल १९९१ होतं अन् यादीतला माणूस त्याच्या बापाच्या वयाचा, खालची ओळ मी उघडलीच नाही. नऊ दिवस पैसे अडकले. त्याचा भाऊ फोन करायचा, "साहेब, मिरग लागला, बियाणं घ्याचं हाय." कारण सांगायची परवानगी नसते, मी नुसतं हो हो करत होतो. आमच्या घरी कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहताना बाबांचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत आहे हो, त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून जन्मसाल, जन्मगाव, बापाचं नाव, पासपोर्ट नंबर, सगळं पाहायचंच. आणि घाबरून सगळे अलर्ट ‘हा तो नाही’ म्हणून सरसकट बंदही करू नका, ते तर जास्त वाईट, खरा माणूस सुटला तर त्या पैशाचं काय होईल याचा विचार करा. यादीत उर्फ नावं गुड क्वालिटी (ओळख पटवायला भरवशाची) आणि लो क्वालिटी (कमी भरवशाची) अशी वेगळी दिलेली असतात, अरबी नावाचं स्पेलिंग पाच प्रकारे येतं, म्हणून फक्त स्पेलिंग वेगळं म्हणून सोडायचं नाही.

महागडे सर्टिफिकेट कोर्स आधीच घेऊ नका, माझं ठाम मत आहे. नाव का टाकलं याचे सारांश यूएनच्या साइटवर फुकट आहेत, इंग्रजी जड वाटेल पण जमतं, मला दोन महिने लागले. मी दारव्हा-नागपूर एसटीत मोबाइलवर रोज दोन वाचायचो.