कृत्रिम पाय पॅडलवरून घसरत असेल तर
गुडघ्याखाली कृत्रिम पाय बसवलेल्यांचा तो पाय सायकल चालवताना पॅडलवरून पुढे घसरू शकतो. कृत्रिम घोट्याला स्वतःचा जोर नसल्यामुळे चवड्याने पॅडल दाबण्याचा प्रयत्न सोडून, पॅडल तळव्याच्या मध्याखाली येईल असा पाय ठेवावा. बुटाच्या तळाला, पॅडलच्या लगेच मागे येईल अशा जागी, जुन्या टायरची जाडसर आडवी पट्टी चांभाराकडून शिवून घ्यावी. ती पॅडलच्या मागच्या कडेला अडली की पाय पुढे सरकत नाही. हा उपाय मला बूट पॅडलला अडकवून ठेवणाऱ्या महागड्या क्लिपपेक्षा भरवशाचा वाटतो. मग पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट उतरवावी.

पाय पॅडलला पट्ट्याने मात्र कधीही बांधू नये. थांबताना धडधाकट पायच आधी जमिनीवर टेकवावा.