ट्रकच्या जुन्या सीटला घोंगडी चढवताना

आबांची टाटा १२१० आता दारातच उभी असते. अहमदपूरहून लातूरच्या मोंढ्यावर तुरीची पोती वाहण्यात तिची उमर गेली. क्लीनरच्या बाजूच्या लांब सीटचं रेग्झिन फाटून काथ्या बाहेर आला होता. नवं रेग्झिन सहज मिळालं असतं, पण मे महिन्यात उन्हात तापलेल्या रेग्झिनवर बसलं की आधी चटका बसतो आणि मग घामानं पाठ चिकटते. लोकर तसा चटका देत नाही, घामही शोषते. म्हणून माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून काळी घोंगडी आणली.

पहिल्या खेपेला मी ती रेग्झिनसारखी ताणून बसवली आणि दोन महिन्यांत मधोमध झोळ पडला. हातमागाची वीण मोकळी असते, बसण्या-उठण्याचा भार तिला पेलत नाही. तो भार खालच्या अस्तराने घ्यावा लागतो. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

जुनं कव्हर ओरबाडून काढू नका. कव्हर सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या पकडीनं उघडा, शिवण ब्लेडनं उसवा, प्रत्येक तुकड्यावर खडूनं ‘पुढची बाजू’, ‘डावी’ असं लिहा. तेच तुमचं माप. सांगाड्याचा गंज तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा) रंग मारा. ढिल्या स्प्रिंगा सुतळीनं शेजारच्या स्प्रिंगांशी बांधा, वर गोणपाट ताणून शिवा. काथ्या कुजला नसेल तर उन्हात झटकून परत वापरा. त्यावर ४० डेन्सिटीचा ३ इंची फोम आणि फोमवर मांजरपाट.

आता घोंगडी. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, म्हणून ती कडक लागते. गार पाण्यात रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. गरम पाणी अजिबात नको. त्यात चोळली की लोकर आटून जाड होते आणि सीटला पुरत नाही. जे काय आटायचं ते कापायच्या आधीच आटू द्या.

थेट कात्री लावली तर धागे सुटत जातात. खडूनं रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी मशीनची शिलाई मारा आणि मग मधून कापा. शिवणीसाठी चहूकडून दीड इंच जास्त ठेवा. आमच्या घोंगडीला दोन पट्ट्यांची सांध होती, ती मी सीटच्या पाठीमागच्या कडेला घेतली. पांढरा काठ पुढच्या कडेला सरळ आला की सीट देखणं दिसतं.

प्रत्येक तुकड्याखाली त्याच मापाचा सुती कॅनव्हास घाला, भार घेणारं अस्तर ते हेच. ताडपत्री शिवणाऱ्याकडे तो मिळतो. कडेनं टाके घाला, मध्ये दर सहा इंचांवर आडवी शिलाई मारा, म्हणजे दोन्ही कापडं एकजीव होतात. घरच्या मशीनला ही जाडी झेपत नाही. मी कुशनवाल्याच्या मशीनवर नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलं. कोपरे मात्र दाभणानं, हातानंच.

चढवताना आधी पुढचा मध्य अडकवा, मग मागचा मध्य. तिथून दोन्ही बाजूंना सरकत जा, कोपरे शेवटी. ओढ कॅनव्हासला द्या. काठाची रेघ वाकली की समजा घोंगडी जास्त ओढली गेली, ती कडी सोडून परत लावा. मला चार वेळा सोडावी लागली आणि त्यात एक अख्खी दुपार गेली.

पावसाळ्यात काच बंद ठेवा. ओली लोकर वास मारते आणि लवकर वाळत नाही. धूळ वेताच्या छडीनं झटका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कसर लागू नये म्हणून सीटखाली डांबरगोळ्या ठेवा. उरलेला हातभर तुकडा जपून ठेवा. दाराकडची कड चढताना-उतरताना सगळ्यात आधी झिजते, तिथं त्याच लोकरीचं ठिगळ लागतं.