निळूभाऊंचा स्मृतिदिन कसा साजरा करावा

निळू फुले १३ जुलै २००९ रोजी पुण्यात गेले. त्या तारखेला आपल्या वाचनालयात, सोसायटीत किंवा गावच्या सभागृहात त्यांची आठवण जागवायची असेल, तर सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाकावी, ती म्हणजे कार्यक्रमात त्यांच्या आवाजाच्या नकला ठेवायच्या नाहीत. ‘बाई, वाड्यावर या’ एवढ्यावरच निळूभाऊ ओळखणारी एक पिढी आता मोठी झाली आहे आणि तिला खरे निळूभाऊ दाखवणे हे आपण चाहत्यांचे काम आहे.

त्यासाठी भाषणांपेक्षा चित्रपट निवडण्यावर अधिक वेळ द्यावा. माझा आग्रह ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या जोडीचा आहे. दोन्ही जब्बार पटेलांचे आणि दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, पण निळूभाऊ मात्र दोन टोकांना उभे आहेत. ‘सामना’त ते साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आहेत. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचा विषय पुन्हा पुन्हा काढतो, तेव्हा मास्तरकडे न पाहता हिंदुरावाच्या चेहऱ्याकडे पाहावे, असे प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवावे. पाहुणचार तसाच चालू असतो, आवाजही चढत नाही, आणि तरीही या माणसाच्या मनात काहीतरी हलले आहे हे कळते. ‘सिंहासन’मध्ये हेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे पत्रकार होतात. त्यांच्या वाट्याला सत्ता नाही. बहुतेक वेळ ते नुसते ऐकतात, पाहतात, आणि शेवटी त्यांचे भान सुटते. एकाच माणसाने हे दोन्ही केले, हे सलग पाहिल्याशिवाय अंगावर येत नाही. एका दिवसात दोन्ही चित्रपट जमणार नसतील तर लागोपाठच्या दोन संध्याकाळी दाखवावेत, पण तुकडे कापून दाखवू नयेत.

दोन्ही चित्रपटांचा स्वामित्वहक्क अजून संपलेला नाही, कारण आपल्याकडे चित्रपटाला प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे संरक्षण असते. म्हणून तिकीट नसले तरी जाहीर खेळासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी आणि हे काम मे महिन्यातच सुरू करावे. दिवस ऐन पावसाळ्याचे असल्यामुळे पटांगणाचा मोह टाळावा, आणि वीज गेल्यास काय करायचे तेही पाहून ठेवावे.

कार्यक्रमाचा जीव मात्र गावातल्या वयस्कर माणसांच्या आठवणींत असतो. निळूभाऊ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आले, आणि ‘एक गाव बारा भानगडी’पासून पडद्यावर दिसू लागले. हे कोणीही वाचून दाखवू शकेल. पण आमच्याकडे एका आजींनी सांगितले, “तंबूत तो पडद्यावर आला की मी पदर डोक्यावर ओढून घ्यायचे, आणि शेजारची म्हातारी बोटे मोडायची.” नटाला याहून मोठी पावती कोणती द्यायची? अशा माणसांना मंचावर बोलावू नये, माईक पाहून ती गप्प होतात. त्यांच्या घरी जावे, चहा घेता घेता मोबाईलवर बोलणे ध्वनिमुद्रित करावे, कोणता चित्रपट किंवा वग, कोणते गाव आणि साधारण कोणते साल एवढे विचारून लिहून ठेवावे, आणि त्यांची संमती असेल तर दोन चित्रपटांच्या मधल्या वेळेत तेच ऐकवावे.

हारतुऱ्यांचा खर्च पूर्ण वगळावा. निळूभाऊ आणि डॉ. लागू यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला होता, आणि तो पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी होता. आपणही दाराशी एक पेटी ठेवावी, आपल्या तालुक्यातल्या अशाच एखाद्या कार्यकर्त्याला आधी भेटून त्याची गरज विचारून घ्यावी, आणि खेळ संपल्यावर सगळ्यांसमोर पैसे मोजून जमलेला आकडा फळ्यावर लिहावा.