परदेशी नोकरीला निघताना सोलापूरच्या बँकखात्यांची आणि पैसे पाठवण्याची घडी कशी बसवावी

परदेशी जाणाऱ्या मुलाची तयारी सोलापूरच्या घरात कशी होते, हे बहुतेकांनी पाहिलेले आहे. व्हिसा, तिकीट, कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती, शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्यांची चवड आणि सामानात अगदी वर घडी करून ठेवलेली चादर, एवढे सगळे आठवणीने भरले जाते. मात्र महाविद्यालयात असताना उघडलेले बचत खाते, वडिलांबरोबरचे संयुक्त खाते, पतसंस्थेतली ठेव आणि डाकघरातले पीपीएफ यांचे काय करायचे, हा विषय विमान उडाल्यानंतर निघतो. तोपर्यंत पहिला पगार झालेला असतो आणि मुलाने तो नेहमीच्या खात्यात पाठवूनही दिलेला असतो. चूक नेमकी तिथे होते. परदेशातून पैसे पाठवणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड असते ते चुकीच्या खात्यात मुरलेला पैसा चार-पाच वर्षांनी निस्तरणे. म्हणून पुढच्या पायऱ्या शक्यतो निघण्यापूर्वीच्या महिन्यात, स्वतः शाखेत जाऊन पार पाडाव्यात.

पहिली पायरी : आपण ‘अनिवासी’ केव्हा होतो ते समजून घ्यावे

वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस निवासी धरला जातो, हा नियम ऐकून पुष्कळ लोक सहा महिने निवांत राहतात. हा हिशोब आयकरासाठी आहे. बँकखात्यांना परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे बोलीभाषेतला ‘फेमा’ लागू होतो. १९९९ चा हा कायदा १ जून २००० पासून अमलात आहे आणि त्याचे माप वेगळे आहे. नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा किती काळ राहणार हे निश्चित नसताना जो देश सोडतो, तो निघाल्यापासूनच फेमाच्या दृष्टीने अनिवासी ठरतो. शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ च्या परिपत्रकाने अनिवासीच मानले आहे. त्यामुळे एकच माणूस एकाच वर्षी आयकरासाठी निवासी आणि बँकेसाठी अनिवासी असू शकतो. यात विसंगती वाटली तरी दोन्ही कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत.

दुसरी पायरी : जुने खाते एनआरओ करून घ्यावे, नवे एनआरई उघडावे

अनिवासी झालेल्या माणसाने साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे नियमाला धरून नाही. बँकेला कळवून ते खाते एनआरओ प्रकारात, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या कमाईसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते. पासपोर्ट, व्हिसा किंवा कामाचा परवाना, परदेशातील पत्त्याचा पुरावा, पॅन आणि छायाचित्र एवढ्या कागदांवर हे काम सहसा होते. परदेशातला पत्ता अजून हातात नसेल तर नियुक्तिपत्र चालते का, हे शाखेत विचारून घ्यावे. प्रत्येक बँकेची रीत थोडी वेगळी असते.

एनआरओ आणि एनआरई या दोन खात्यांतला फरक लक्षात ठेवण्याची एक सोपी खूण आहे : पैसा कुठे कमावला गेला, ते पाहावे. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचे भाडे, शेअर्सचा लाभांश, वारशाने नावावर आलेल्या शेतातल्या उसाचे बिल किंवा सांगोल्याकडच्या डाळिंबाचे पैसे भारतात जन्मलेले आहेत, म्हणून ते एनआरओ खात्यात जातात. दोहा, दुबई किंवा लंडन इथे मिळालेला पगार परदेशात जन्मलेला आहे, म्हणून तो एनआरई खात्यात यावा. दोन्ही खाती रुपयातच असतात, पण त्यांच्या वागणुकीत मोठा फरक आहे. एनआरई खात्यातील व्याजावर भारतात आयकर लागत नाही आणि मुद्दल व व्याज केव्हाही परदेशी परत नेता येते. एनआरओ खात्याच्या व्याजावर मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के दराने आणि त्यावर उपकर धरून किमान ३१.२ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वसूल होणारा कर, कापला जातो. त्या खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर नेता येते, आणि तीही कर भरल्याचे दाखवून, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र व आयकराच्या संकेतस्थळावरची घोषणा जोडून.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. एनआरईमधून एनआरओमध्ये पैसे वळवणे दोन मिनिटांचे काम आहे. उलट दिशेने आणायचे झाले तर वरचे सगळे कागद पुन्हा गोळा करावे लागतात. तेव्हा घराचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता भरण्यापुरतेच पैसे एनआरओकडे वळवावेत. तसे पाहिले तर गृहकर्जाचा हप्ता थेट एनआरईमधूनही जाऊ शकतो, त्यामुळे पुष्कळदा तेवढेही करण्याची गरज पडत नाही.

एनआरओवरचा करही थोडा हलका करता येतो. भारताचे अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी असलेल्या करारात व्याजावरचा दर साडेबारा टक्के आहे, तर अमेरिका आणि ब्रिटन यांच्याशी असलेल्या करारांत तो साधारणपणे १५ टक्के आहे. मात्र त्यासाठी त्या देशाच्या कर खात्याकडून निवासाचा दाखला आणून दर वर्षी बँकेला द्यावा लागतो, आणि नेमका हा कंटाळा करून लोक पूर्ण टीडीएस कापू देतात.

मुदत ठेवींबाबत थोडक्यात सांगायचे तर एनआरई ठेव किमान एक वर्षाची असते आणि वर्षाच्या आत मोडल्यास काहीच व्याज मिळत नाही. रुपया घसरण्याची धास्ती वाटत असेल तर डॉलर, पौंड अशा चलनातच राहणारी एफसीएनआर ठेव एक ते पाच वर्षांसाठी करता येते.

सहकारी बँक, पतसंस्था आणि डाकघर

सोलापुरात हा भाग वगळून चालत नाही, कारण आपल्याकडे पुष्कळ घरांचा पहिला बँकव्यवहार सहकारी बँकेशी किंवा गल्लीतल्या पतसंस्थेशी असतो आणि साखर कारखान्याचे बिलही अनेकदा तिथेच जमा होते. अनिवासी खाती ठेवण्याची परवानगी प्रत्येक सहकारी बँकेला नसते, म्हणून आपल्या बँकेकडे ती आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर कारखान्याकडे किंवा भाडेकरूकडे नव्या एनआरओ खात्याचा क्रमांक देऊन जुने खाते रीतसर बंद करावे. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू होते. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. परदेशातल्या कमाईतून ‘ओळखीच्या’ पतसंस्थेत मोठी रक्कम ठेवण्याआधी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

अनिवासी झाल्यावर पीपीएफचे नवे खाते उघडता येत नाही. जुने खाते मुदत संपेपर्यंत चालवता येते, पण पुढे वाढवता येत नाही.

तिसरी पायरी : घरच्यांच्या हाती व्यवहार सोपवावा, पण एटीएम कार्ड सोपवू नये

निघताना भावाच्या हातात एटीएम कार्ड देऊन पिन चिठ्ठीवर लिहून ठेवणे, ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत आहे. तिच्यामागचा विश्वास खरा असतो, पण बँकेच्या अटींत ती बसत नाही आणि काही फसवणूक झाली तर आपलीच बाजू लंगडी पडते. यासाठी तीन सरळ मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे बँकेच्या छापील नमुन्यावर दिलेले प्राधिकारपत्र, ज्याला शाखेत ‘मँडेट’ म्हणतात. ते घेतलेला नातेवाईक आपल्या खात्यातून स्थानिक खर्च भागवू शकतो. दुसरा मार्ग मुखत्यारपत्राचा. फ्लॅट भाड्याने देणे, दुय्यम निबंधक कार्यालयातली नोंदणी किंवा महापालिकेची घरपट्टी अशी कामे असतील तर मुखत्यारपत्रच लागते. ते निघण्यापूर्वी सोलापुरातच केलेले सर्वांत बरे. परदेशात करायचे झाल्यास भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवावे लागते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुखत्यारपत्रात नेमकी कोणती कामे सोपवली आहेत ती मोजून लिहावीत. ‘सर्व अधिकार’ हा शब्दप्रयोग लिहायला सोपा असला तरी पुढे भावकीत तोच महागात पडतो. कोणतेही अधिकार दिले तरी मुखत्याराला आपल्या एनआरई खात्यातून कोणाला भेट म्हणून पैसे देता येत नाहीत, हे बंधन नियमातच आहे.

तिसरा मार्ग संयुक्त खात्याचा. एनआरई खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचे नाव घालता येते, पण ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या अटीवर. म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत दुसरा स्वतःच्या हक्काने ते चालवू शकत नाही. याच वेळी नामनिर्देशनही करून टाकावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यावर चारपर्यंत व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते.

चौथी पायरी : मोबाइल क्रमांक जिवंत ठेवावा

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण परदेशी गेलेल्यांच्या तक्रारींची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते. ओटीपी जुन्या भारतीय क्रमांकावर येतो, रिचार्ज संपलेला असतो, काही महिन्यांनी तो क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि मग पासवर्ड बदलायलासुद्धा सोलापूरची शाखा गाठावी लागते. खाते एनआरई किंवा एनआरओ करतानाच परदेशातील क्रमांक आणि ईमेल नोंदवावा. जानेवारी २०२३ मध्ये सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या दहा देशांतील क्रमांकांवरून एनआरई व एनआरओ खात्यांसाठी यूपीआय वापरण्यास मुभा देण्यात आली. आपली बँक ती सेवा देते का, हे मात्र तपासावे लागते. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काहीही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते, तेव्हा वर्षातून एक-दोन छोटे व्यवहार करत राहावे.

पाचवी पायरी : पैसे पाठवताना दर पाहावा, जाहिरात नव्हे

पैसे पाठवण्याचे मार्ग तीन : बँकेतून थेट स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून), आखाती देशांत चौकाचौकांत दिसणाऱ्या एक्स्चेंज हाउसमार्फत, आणि मोबाइल ॲपने. ‘शुल्क शून्य’ हे शब्द दिसले की लोक तिकडे वळतात. खरा खर्च मात्र दरात दडलेला असतो. समजा, बाजारात डॉलरचा भाव ९० रुपये आहे. पहिली कंपनी शुल्क घेत नाही पण ८८.५० चा दर देते, तर हजार डॉलरचे ८८,५०० रुपये हाती येतात. दुसरी पाच डॉलर शुल्क घेते पण ८९.७० चा दर देते, तर ९९५ डॉलरचे ८९,२५१ रुपये मिळतात. शुल्क भरूनही दुसरी कंपनी ७५१ रुपयांनी स्वस्त पडली. म्हणून पाठवण्याआधी एकच प्रश्न विचारावा : सगळे वजा जाता सोलापुरातल्या खात्यात नेमके किती रुपये जमा होणार?

स्विफ्टने पाठवताना मधल्या बँकाही आपले शुल्क कापतात, त्यामुळे लहान लहान रकमा त्या मार्गाने पाठवणे परवडत नाही. शिवाय प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. नवी पेठेतल्या शाखेत खाते असले तरी पैसा बँकेच्या परकीय चलन शाखेतून फिरून येऊ शकतो. तेव्हा कोड अंदाजाने न शोधता शाखेकडून लेखी घ्यावा. एनआरई खात्याऐवजी आईवडिलांना लगेच रोख हवी असेल तर वेस्टर्न युनियनसारखा मार्ग आहे, पण त्यावर प्रत्येक व्यवहाराला २,५०० डॉलरची, एका व्यक्तीला वर्षाला ३० व्यवहारांची आणि रोखीने ५०,००० रुपयांची मर्यादा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १ जानेवारी २०२६ पासून रोख किंवा मनीऑर्डर देऊन बाहेर पाठवलेल्या रकमेवर तिथे एक टक्का कर लागतो, पण बँक खात्यातून पाठवलेल्या रकमेवर लागत नाही. दुसरे म्हणजे भारतासह देशाबाहेरील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिथल्या सरकारला एफबार नावाचे विवरण द्यावे लागते. वडिलांबरोबरचे जुने संयुक्त खातेही त्यात मोजले जाते, आणि तेच लोक विसरतात.

हुंडीचा, म्हणजे बँकेला वगळून दलालामार्फत पैसे पोहोचवण्याचा, मार्ग सुचवणारा कोणी ना कोणी प्रत्येक कामगार वसाहतीत भेटतोच. दर थोडा बरा मिळतो आणि पैसा संध्याकाळी घरपोच होतो, हे खरे. पण तो फेमाचा भंग आहे, दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, आणि पैसा बुडाला तर कुठे दाद मागता येत नाही. आपल्या खात्यात दुसऱ्याचा पैसा ‘फक्त दोन दिवस’ ठेवून घेणेही तितकेच धोक्याचे आहे.

आईवडिलांच्या खात्यात पैसे पाठवले तर त्यांना त्यावर आयकर लागत नाही, कारण मुलाने दिलेली रक्कम नातेवाइकाकडून आलेली भेट धरली जाते. मात्र त्या रकमेची ठेव केली तर व्याज त्यांचे उत्पन्न ठरते. आणि एकदा दिलेली भेट कायद्याने त्यांची होते, हे घरातल्या सगळ्या भावंडांना आधीच ठाऊक असलेले बरे. स्वतःसाठी साठवायचे पैसे स्वतःच्या एनआरईमध्येच ठेवावेत.

भाडे आणि जमीन

घरमालक अनिवासी असेल तर टीडीएस कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि बहुतेक भाडेकरूंना हे माहीतही नसते. भाडेकरार करतानाच ते स्पष्ट लिहावे. शेतजमिनीबाबत एवढेच की अनिवासी भारतीयाला ती विकत घेता येत नाही. वारशाने आलेली मात्र ठेवता येते आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीला विकता येते. परदेशातल्या पगारातून मंगळवेढ्याकडे चार एकर घेण्याचा बेत असेल तर तो गावी परत येईपर्यंत पुढे ढकलावा लागेल.

कायमचे परतताना

परत येऊन राहायचे ठरले की बँकेला कळवून एनआरई व एनआरओ खाती पुन्हा साध्या खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एफसीएनआर ठेव ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते आणि परदेशी चलन चलनातच ठेवायचे असेल तर आरएफसी नावाचे खाते उघडता येते. परदेशात बरीच वर्षे काढलेल्या माणसाला परतल्यावर काही काळ आयकरात सवलतीचा दर्जा मिळतो. तो आपल्याला नेमका किती वर्षे लागू होईल, हे परतीचे तिकीट काढण्याआधी सनदी लेखापालाकडून मोजून घ्यावे, कारण मार्चच्या शेवटी येण्याऐवजी एप्रिलमध्ये आल्यानेसुद्धा हा हिशोब बदलू शकतो.