चालू पिझ्झा सेंटर घरच्यांनी चालवायला घ्यायचं असेल तर आधी हे बघा

वायरमन, प्लंबर, सुतार, फॅब्रिकेशनवाले अशा घरांना चालू हॉटेल घ्यायची ऑफर बऱ्याचदा ओळखीतनंच येते. ज्याच्या ओव्हनचं वायरिंग तुम्ही केलंय तोच मालक एक दिवस म्हणतो, दादा आता होत नाही मला, तुम्हीच घ्या की चालवायला. आमच्याकडं सांगलीत असंच झालं, पप्पा वायरमन, आई घरीच शिवणकाम करायची, मी आणि भाऊ, आणि आता आम्ही चौघं मिळून ते पिझ्झा सेंटर चालवतो, आणि ओळखीतली दोन-तीन घरं सारखी विचारतात की कसं केलं काय केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण कारागिराच्या घरात हीच सगळ्यात उशिरा कळते. आपल्याकडं मजुरी म्हणजे कमाई. पॉइंट मारले, पैसे आले, ते आपले. सामान बहुतेक वेळा गिऱ्हाईकच आणून देतं. हॉटेलात तसं नसतं, रात्री गल्ल्यात जे दिसतं त्यातलं बरंचसं चीजवाल्याचं, भाड्याचं, पोरांच्या पगाराचं आणि लाईट बिलाचं असतं, आपलं त्यातलं थोडंच, आणि ते पण महिना संपल्यावर कळतं. रोज कॅश हातात येते त्यामुळं धंदा लई चाललाय असं वाटतं आणि घरात खर्च वाढतो. म्हणून मालक जेव्हा सांगतो "रोजचा एवढा गल्ला आहे" तेव्हा त्या आकड्यावर अजिबात भाव ठरवू नका.

मग ठरवायचं कशावर? माझं म्हणणं, मैदा, चीज आणि बॉक्स या तिघांची बिलं मागा. तोंडी आकडा कितीही सांगता येतो पण ही तिन्ही बिलं एकमेकांशी जुळवून खोटी करणं अवघड आहे. हिशोब सोपा आहे. एक किलो मैद्याचं पीठ मळलं की पाणी, तेल, मीठ धरून साधारण १,६८० ग्रॅम भरतं, सात इंची पिझ्झ्याचा गोळा १३० ग्रॅमचा धरला तर १२-१३ गोळे निघतात. आता मालक म्हणाला रोज ६० पिझ्झे जातात, तर महिन्याचे १,८०० झाले, म्हणजे महिन्याला दीडशे किलो मैदा, ५० किलोची तीन पोती. आणि त्याच्या दुकानदाराकडची बिलं महिन्याला दीड पोत्याची असतील तर उरलेले पिझ्झे कशाचे केले ते त्यालाच विचारा. पार्सलचे बॉक्स पण असेच मोजा, बॉक्स किती आले त्यावरनं पार्सल किती गेलं ते कळतं. स्विगी-झोमॅटोचे ऑर्डरचे आकडे बघू नका, कमिशन, डिस्काउंट, जाहिरात सगळं कापून बँकेत किती जमा झालं ते स्टेटमेंटमध्ये बघा. आणि एकदा मंगळवारी, एकदा रविवारी, संध्याकाळी सात ते साडेदहा समोरच्या चहाच्या टपरीवर बसा. निवांत बसा, माणसं मोजा.

भाव ठरला की तो तीन भागात फोडून घ्या, सामानाचे किती, गुडविलचे, म्हणजे दुकानाच्या नावाचे आणि बांधलेल्या गिऱ्हाईकाचे किती, आणि जागेचं डिपॉझिट किती. एकरकमी आकडा लिहू नका. याला कारण आहे, कराराच्या कायद्यात, म्हणजे १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मध्ये, "तू हा धंदा करायचा नाही" अशी अट साधारणपणे चालतच नाही, पण गुडविल विकलं असेल तर ठराविक भागापुरती अशी अट घालता येते. म्हणजे गुडविल वेगळं लिहिलं आणि एरिया लिहिला की जुना मालक पुढच्या चौकात त्याच चवीचं नवीन दुकान टाकणार नाही याला काहीतरी आधार राहतो. त्याच कागदात हे पण लिहून घ्या की तो पंधरा-वीस दिवस रोज संध्याकाळी येऊन शिकवेल, आणि काही पैसे ते झाल्यावरच द्यायचे. वकिलाची फी इथं वाचवू नका. ते दुकान फ्रँचायझी असेल तर गोष्टच वेगळी, तिथं वरच्या कंपनीची लेखी परवानगी आल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

जागामालकाशी स्वतः बोला, जुन्या भाडेकरूच्या शब्दावर राहू नका. नवीन लीव्ह अँड लायसन्स तुमच्या नावावर झालं पाहिजे आणि ते रजिस्टर करणं महाराष्ट्रात कायद्यानंच बंधनकारक आहे. ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर ओव्हन आणि काउंटरमध्ये पैसे घालू नका, तीन किंवा पाच वर्षांचं मागा, भाडं दरवर्षी किती टक्के वाढणार ते त्यातच लिहून घ्या. लाईट बिलाची थकबाकी तपासा, मागच्या माणसाची बाकी असली तरी नवीन कनेक्शन देताना वीज कंपनी ती भरायला सांगू शकते, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये हे मान्य केलंय, फक्त प्रत्येक राज्याचे नियम बघावे लागतात.

लायसनचं थोडक्यात सांगते. जुन्या मालकाचं एफएसएसएआय लायसन, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायचा सरकारी परवाना, धंद्यासोबत विकत मिळत नाही, मालक वारला तर वारसाच्या नावावर होतं, विक्रीत नाही, तुमचं तुम्हाला फॉसकॉस पोर्टलवर नवीन काढावं लागतं आणि तो १४ आकडी नंबर बिलावर छापावा लागतो. जीएसटी नंबर पॅनला जोडलेला असतो म्हणून तो पण नवीन. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के लागतो आणि इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे चीजवर, ओव्हनवर भरलेला टॅक्स तुमच्याच खिशातनं जातो, हे हिशोबात धरा. ॲपवरनं जाणाऱ्या ऑर्डरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपवालेच भरतात. बाकी शॉप ॲक्ट, महापालिकेचा परवाना, काम करणाऱ्या सगळ्यांची मेडिकल तपासणी, घरच्यांची पण. हे सीएला किंवा चांगल्या एजंटला देऊन टाका पण पासवर्ड आणि रजिस्टर्ड मोबाईल नंबर आपलाच ठेवा.

आता ताबा घ्यायचा दिवस. काउंटरवरचा क्यूआर आधी बदला! साउंडबॉक्स बोलत राहतो, गिऱ्हाईक पैसे भरत राहतं आणि पैसे जुन्या मालकाच्या खात्यात जमा होतात. टेबलावर, मेनूकार्डमागं, डिलिव्हरी बॉयच्या खिशात, फ्रीजच्या दारावर, जिथं जिथं स्टिकर असेल तिथनं काढा. दुसरं, दुकानाचा मोबाईल नंबर. छोट्या सेंटरला निम्म्या ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सॲपवरच येतात आणि तो नंबर बऱ्याचदा मालकाच्या पर्सनल सिमचा असतो, तो तुमच्या नावावर होत नसेल तर भाव कमी करा, कारण खरं गिऱ्हाईक त्या नंबरात आहे. गुगल मॅपवरच्या दुकानाची मालकी पण ट्रान्सफर करून घ्या, फोटो-रिव्ह्यू सगळे राहतात. चीजवाल्याला, भाजीवाल्याला, गॅसवाल्याला भेटून अमुक तारखेच्या आधीची बाकी आमची नाही हे सांगा, आणि व्हॉट्सॲपवर लिहून टाका.

वायरमनच्या घराचा खरा फायदा पुढं आहे. इलेक्ट्रिक ओव्हन, डीप फ्रीझर, अंडरकाउंटर फ्रीज, पीठ मळायचं मशीन, एसी, एवढं सगळं बहुतेक ठिकाणी जुन्या दुकानाच्या वायरिंगवरच वाढवत नेलेलं असतं. आधी बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते बघा आणि सगळ्या मशीनच्या प्लेटवरचे वॅट बेरीज करा, जास्त होत असेल तर भार वाढवून घ्या. मग मेन स्विच उघडा. पप्पांनी ताबा घ्यायच्या आधीच उघडला होता, वरच्या एका टर्मिनलचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन नखानं तुटत होतं, आणि ओव्हनच्या लाईनवर एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की लाईन बंद करणारा स्विच, सारखा पडतो म्हणून कुणीतरी मोठ्या अँपिअरचा बसवून ठेवलेला. हे बघितलं की समजायचं वायर गरम होतेय आणि तिला वाचवणारं आता काही नाही. थ्री फेजला न्यूट्रल ढिला असेल तर २३० च्या जागी कितीतरी जास्त व्होल्टेज फ्रीजला आणि बिलिंग मशीनला जातं आणि सगळं एका झटक्यात जळतं, म्हणून न्यूट्रलचा प्रत्येक जोड कसून बघा. ओव्हनला स्वतंत्र लाईन, फ्रीझरला स्वतंत्र, आणि ओल्या हातानं जिथं जिथं काम होतं तिथं ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायला लागला की लाईन तोडणारा स्विच. कन्व्हेयर ओव्हन असेल तर त्याच्या कुलिंग फॅनची जाळी मैद्याच्या धुरळ्यानं भरते, दर आठवड्याला साफ करा, बरेच "बिघडलेले" ओव्हन एवढ्यानंच सुरू होतात. घरात प्लंबर असेल तर त्यानं सिंकच्या खालची चेंबर आणि ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी, असाच उघडून बघावा. गॅसवर काही असेल तर १९ किलोचं कमर्शियल सिलिंडरच, घरचं लाल सिलिंडर हॉटेलात लावणं गुन्हा आहे.

चवीचं काय? तर जुना कारागीर सोडू नका. मालक गेला तरी चालतं, पिझ्झा बनवणारा पोरगा गेला की गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात ओळखतं. त्याचा थकलेला पगार असेल तर तो सौद्यातनं वळता करून आधी त्याला द्या. आणि त्याच्या शेजारी उभं राहून वजन करून सगळं लिहून घ्या, कारण त्याचं माप "दोन मग पाणी, मूठभर साखर" असं असतं. आमच्याकडं आईनं ते वजनात बसवलं. एक किलो मैदा, ६२० मिली पाणी, २० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मळून, गोळे करून, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, वापरायच्या तासभर आधी बाहेर. एप्रिल-मे मध्ये मळायला बर्फाचं पाणी घ्यायचं आणि यीस्ट थोडं कमी, नाहीतर दुपारपर्यंत पीठ आंबून चिकट होतं आणि बेसला आंबूस वास मारतो. हे पीठ हाताला कळतं, आईला चपातीच्या कणकेची सवय, तिनं तिसऱ्या-चौथ्या घाण्याला गोळा दाबूनच सांगायला सुरुवात केली की हे अजून अर्धा तास पाहिजे. घरातली अशी माणसं विकत मिळत नाहीत हो, त्यांना पुढं करा.

चीजला मात्र वजनकाटा पाहिजे, हात नको. सात इंचीला ६० ग्रॅम ठरवलं आणि हातानं ७५ पडत गेलं, तर रोज ४० पिझ्झ्यांना ६०० ग्रॅम जास्त, महिन्याला १८ किलो. तुमचा सगळा नफा त्यात जाऊ शकतो. आणि स्वस्तात "मोझरेला" म्हणून जे मिळतं त्याचं पाकीट वाचा, वनस्पती तेलाचं असेल तर त्यावर ॲनालॉग लिहिलेलं असतं, ते वापरून मेनूवर चीज लिहिणं म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणं आहे आणि कारवाई पण होते. आमच्या पट्ट्यात लहान पोरं पिझ्झा खातात, मी तरी ते घालणार नाही.

सांगली-कोल्हापूरकडं जैन गिऱ्हाईक भरपूर आहे म्हणून जैन पिझ्झा नीट करा. नुसता वरचा कांदा काढला म्हणजे जैन होत नाही, सॉसमध्ये लसूण असतो, पनीरच्या मॅरिनेशनमध्ये आलं-लसूण असतो, मशरूम पण चालत नाही. सॉस वेगळा, डबे वेगळे, कटर वेगळा, आणि डब्यावर रंगीत पट्टी. चातुर्मासात आणि पर्युषणात हे गिऱ्हाईक कमी होणार हे धरूनच माल मागवा. उलट दहावी-बारावीचा निकाल, फ्रेंडशिप डे, ३१ डिसेंबर, या दिवसांना आदल्या दिवशीच जास्तीचे गोळे करून ठेवा.

पैशाचं, एक तर दुकानाचं करंट खातं वेगळं काढा, वायरिंगचे पैसे त्यात नाही आणि गल्ल्यातले पैसे घरखर्चात नाही. घरच्या प्रत्येकाला ठराविक पगार लावा, कमी असला तरी चालेल पण लावा, आईला पण, नाहीतर धंदा नफ्यात दिसतो आणि खरं तर चार माणसं फुकट राबत असतात. कर्ज लागलं तर पतसंस्थेच्या आधी बँकेत मुद्रा या सरकारी कर्ज योजनेची चौकशी करा, तिच्या किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत मिळतं. आणि जुनं काम बंद करू नका! वायरमनचं काम दिवसाचं, पिझ्झ्याची गर्दी संध्याकाळची, दोन्ही बसतं. पप्पा सकाळी साईटवर जातात, चार वाजता येऊन दोन तास झोपतात आणि सातला काउंटरला बसतात, त्यांची ती झोप आम्ही कुणी मोडत नाही. पहिलं वर्षभर घरभाडं, फी, किराणा हे वायरिंगवर चाललं तरच दुकानात घाईचे निर्णय होत नाहीत.

बोर्ड, मेनू, भाव, रंग यातलं काहीही पहिले सहा महिने बदलू नका, कितीही हात शिवशिवले तरी. तुम्ही गिऱ्हाईकाची सवय विकत घेतलीय. त्यानंतर एका वेळी एकच बदल करा, म्हणजे विक्री पडली किंवा वाढली तर कशानं ते कळेल, आणि भाव वाढवायचाच असेल तर सगळ्यात जास्त जाणाऱ्या पिझ्झ्याला सगळ्यात शेवटी हात लावा, आमच्याकडं तो कॉर्न चीज आहे, त्याचा भाव अजून जुन्या मालकाचाच आहे.